चावडीबाहेर ठेवलेली शरियत

‘शरियतमध्ये हस्तक्षेप नको’ असे आपला समाज १९८५-८६ साली शाहबानो प्रकरणात म्हणाला. २०१६ मध्ये कायदा आयोगाची प्रश्नावली आली तेव्हा सह्यांच्या मोहिमा काढून तेच म्हणाला. २०१८ मध्ये तलाक विधेयकाच्या वेळी तर मालेगावात आणि पुण्यात हजारो मुस्लिम बायका बुरखे घालून मूक मोर्चात चालल्या. त्या मोर्चांची टिंगल करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. उन्हात चालणाऱ्या त्या बायकांचा दीनवरचा विश्वास खरा होता. आमचा प्रश्न त्यांच्या भावांना आहे. ज्या शरियतसाठी बहीण रस्त्यावर चालली, तीच शरियत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणीला घेऊन जाताना तुम्ही कुठे ठेवता? चपलांसारखी दाराबाहेर?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. डी.एड्., बी.एड्. करून खडू हातात घेतला. कायद्याची पदवी आमच्याकडे नाही आणि फतवा देण्याचा अधिकार तर नाहीच नाही. पण सहावी-सातवीला अपूर्णांक शिकवावे लागतात, आणि मिरासचा हिशेब हा शेवटी अपूर्णांकांचाच हिशेब आहे. तो चुकला की शिक्षकाला बोलावेच लागते.

कुरुळी हे पुणे-नाशिक रस्त्यावरचे, खेड तालुक्यातले गाव. चाकणचा कांदा जसा प्रसिद्ध, तशीच ही सगळी पट्टी एकेकाळी ज्वारी-बाजरी आणि कांद्याची होती. गावातली मुसलमान घरे थोडी, त्यांच्या जमिनी त्याहून थोड्या. तोवर बहिणीच्या हिश्शाचा प्रश्न कुणी काढत नसे, कारण भांडण करावे एवढी किंमतच त्या मातीला नव्हती. मग चाकणची औद्योगिक वसाहत वाढली, मोटारींचे कारखाने आले, त्यांच्यामागे सुटे भाग करणारे आले, गोदामे आली, ट्रकांची आवारे आली, बिहार-ओडिशातून आलेल्या कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या उठल्या. ज्या बांधावर बकरी बांधत होते त्या बांधाचे आज गुंठ्यावर मोल होते. आणि गुंठ्याला मोल आले त्या दिवसापासून आमच्या भाऊबंदांना बहिणींची फार आठवण येऊ लागली. सही पाहिजे होती ना!

हिशेब अगदी सोपा घेऊ. एक माणूस अल्लाहला प्यारा झाला. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. जमीन चार एकर, म्हणजे १६० गुंठे. कफन-दफनाचा खर्च गेला, कर्ज फिटले (आणि बायकोचे न दिलेले महर हेही कर्जच, हे आपण सोयीने विसरतो), वसीयत असेल तर ती तिसऱ्या हिश्शाच्या आत पुरी झाली. आता सूरह निसाच्या ११ आणि १२ व्या आयतीप्रमाणे वाटणी. मुले असल्यामुळे बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे २० गुंठे. उरले १४०. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. दोन मुलांचे चार आणि तीन मुलींचे तीन, मिळून सात वाटे. १४० भागिले सात, वीस. म्हणजे प्रत्येक मुलीला २० गुंठे आणि प्रत्येक मुलाला ४०. आता बेरीज करा. आई आणि तीन मुली मिळून ८० गुंठे, दोन भाऊ मिळून ८० गुंठे. बरोबर अर्धी जमीन बायकांची.

ही अर्धी जमीन एका सकाळी जाते. हक्कसोडपत्र नावाच्या कागदावर जाते. त्यात लिहिलेले असते की आम्ही आमचा हिस्सा कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने भावांच्या लाभात सोडून देत आहोत. जवळच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क सोडायला मुद्रांक शुल्कही नाममात्र. जिथे एका गुंठ्याच्या खरेदीला लाखांच्या गोष्टी होतात, तिथे पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर २० गुंठे सोडून दिले जातात. सरकारने ही सवलत नात्यातल्या माणसांच्या सोयीसाठी ठेवली. आम्ही तिचा जो उपयोग केला तो आमचा.

गेल्या वर्षी आमची एक जुनी विद्यार्थिनी असा कागद घेऊन आली. दहावीपर्यंत उर्दूतून शिकलेली, हुशार, आता दोन मुलांची आई. मराठी बोलते उत्तम, बाजारहाट सगळा मराठीतून करते. पण वकिली मराठीचे पान समोर आले की तिला ते मोडीसारखे वाटते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता सही करायला जायचे होते. कागद वाचून दाखवा म्हणाली. आम्ही वाचत गेलो. ‘लिहून देणार यांना त्यांच्या लग्नात व लग्नानंतर त्यांच्या हिश्शाच्या मोबदल्यापोटी पुरेसे मिळालेले असून’ या वाक्याशी तिने थांबवले. म्हणाली, ‘‘ये मैं कब बोली?’’ आम्ही पुढे वाचले. शेवटी होते की सदर दस्त वाचून पाहिला, समजला, मान्य आहे. त्यावर ती हसली. सही मात्र तिने केली. अम्मीने सांगितले होते की भावाशी तोडू नकोस, उद्या तुझ्या मुलीच्या लग्नाला मामू लागेल.

यात कुणाचा दोष, हे ठरवायला काझी नको. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. त्या मुलीच्या हिश्शाला हात लावणारा हात सरकारचा नव्हता, कुठल्या हिंदुत्ववाद्याचा नव्हता, न्यायाधीशाचा नव्हता.

हे आजचे नाही. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे, सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे, खोजा आणि मेमन घराण्यांतले वारसाचे दावे एकत्र चालले. खोजा-मेमनांच्या मुली कोर्टात सांगत होत्या की आम्ही मुसलमान आहोत, आम्हाला कुरआनप्रमाणे हिस्सा द्या. आणि विरुद्ध बाजू सांगत होती की आमच्या जमातीत मुलींना हिस्सा देण्याचा रिवाज नाही. पेरीसाहेबांनी रिवाज मान्य केला. मुली हरल्या. एकशे पंच्याहत्तरहून अधिक वर्षे झाली. त्या बाया कुरआन घेऊन उभ्या होत्या आणि मुसलमान पुरुष ‘रिवाज, रिवाज’ म्हणत होते, हे चित्र आमच्या एकाही जलशात कुणी सांगत नाही.

तो रिवाज मोडावा म्हणूनच १९३७ चा शरियत कायदा आला. त्याच्या दुसऱ्या कलमात म्हटले आहे की रूढी काहीही असो, मुसलमानांच्या वारसाला मुस्लिम कायदा लागेल. पण त्याच कलमात कंसात काही शब्द आहेत, शेतजमिनीचे प्रश्न वगळून. १९३५ च्या घटना कायद्याप्रमाणे शेतजमीन हा प्रांतांचा विषय होता म्हणून ती वगळली गेली, हे खरे. पण मद्रास प्रांताने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये ती उणीव आपापल्या दुरुस्तीने भरून काढली. महाराष्ट्रात त्या शब्दांविरुद्ध एखादा मोर्चा निघाल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. व्यवहारात आपल्याकडे मुसलमान खातेदाराच्या शेतजमिनीला मुस्लिम कायद्याप्रमाणेच वारस लावतात. पण ‘शरियत खतऱ्यात’ म्हणणाऱ्यांना हे कलम कधी खटकले नाही, याची नोंद करायला हवी.

आता भावांची उत्तरे ऐकू. पहिले उत्तर म्हणजे बहिणीच्या लग्नात खर्च केला. केला असेल. मग भावाच्या लग्नाचा, वलीम्याचा, त्याला दुकान टाकून दिले त्याचा खर्चही त्याच्या हिश्शातून वजा करा! जहेज हा मिरासचा बदल आहे असे कुठल्या फिक्हच्या किताबात लिहिले आहे ते दाखवा. देशाच्या कायद्यात तर १९६१ पासून हुंडा हा गुन्हा आहे. म्हणजे एका गुन्ह्याची पावती दाखवून दुसरा हक्क बुडवायचा.

दुसरे उत्तर जमिनीचे तुकडे होतील हे. चाकण पट्ट्यात हे उत्तर देणाऱ्याने जरा रस्त्याकडे पाहावे. गोदामवाल्याला पाच गुंठे, ट्रान्सपोर्टवाल्याला दहा गुंठे भाड्याने देताना तुकडे होत नाहीत. बहिणीचे नाव लागले की लगेच होतात. शिवाय सातबाऱ्यावर नाव लागणे म्हणजे बांध पडणे नव्हे. खाते सामाईक राहते, भाडे हिश्शाप्रमाणे वाटता येते. भाड्याचे तुकडे करायला मोजणीदारही लागत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत गोड आहे. बहीण खुशीने देते. असेल. तर मग आधी तिचे नाव खातेदारांच्या रकान्यात लावा. ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकलू नका, तिथे बँकेचे बोजे लिहितात. वर्ष-दोन वर्षे तिच्या वाट्याचे भाडे तिच्या हातात पडू द्या. त्यानंतर ती भावाला हिबा करते का ते पाहू. जी वस्तू कधी हातात आलीच नाही ती खुशीने दिली, असे आम्ही मुलांना निबंधातसुद्धा लिहू देणार नाही.

काही घरांत तर बाप जिवंत असतानाच मुलींकडून लिहून घेतात. मुस्लिम कायद्यात वारसाचा हक्क बापाच्या मृत्यूच्या क्षणी जन्मतो. त्याआधी तो नसतो, आणि नसलेला हक्क सोडता येत नाही. मात्र अशा मुलीने मोबदला घेऊन इतरांना भरवशात ठेवले असेल, तर पुढे ती आपल्या वागण्याने बांधली जाऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुलाम अब्बास प्रकरणात म्हटले आहे. म्हणून ‘अब्बा आहेत तोवर थोडे पैसे घे आणि सही कर’ असे कुणी म्हटले तर बहिणींनी सावध व्हावे.

आणि बापांनो, तुमचे मृत्युपत्र. नोटरीकडे जाऊन सगळी जमीन मुलांच्या नावे लिहून ठेवणारे बाप आम्हाला माहीत आहेत. त्यांतले पाच वक्त नमाजी आहेत. हनफी फिक्हप्रमाणे वसीयत तिसऱ्या हिश्शापलीकडे चालत नाही, आणि वारसाच्या लाभात तर बाकीच्या वारसांनी तुमच्या मृत्यूनंतर संमती दिल्याशिवाय अजिबात चालत नाही. हजरत साद बिन अबी वक्कास यांना रसूलुल्लाहनी तिसऱ्या हिश्शावर थांबवले आणि तोही पुष्कळ आहे म्हटले, ही हदीस आमचे आठवीचे पोरगेही सांगेल. त्या वेळी साद यांची वारस म्हणून एक मुलगीच होती, हे मात्र बयानात सहसा येत नाही.

आता कोर्टकचेरीच्या भीतीकडे येऊ, कारण ही भीती मुद्दाम पसरवली जाते. ‘नावे लावायची तर प्रोबेट काढावे लागते, वर्षे जातात, वकील खाऊन टाकतो, त्यापेक्षा सही कर आणि मोकळी हो.’ हे खोटे आहे. मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करून घेण्याची, म्हणजे प्रोबेटची सक्ती १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम २१३ मध्ये होती, आणि ती मुसलमानांच्या वसीयतीला कधीच लागू नव्हती. संसदेने २०२५ च्या डिसेंबरात ते कलमच काढून टाकले. जमिनीची वारस नोंद ही तर महसुलाची बाब. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र आणि अर्ज. महसूल अधिनियमाप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचे असते. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, चौकशी करतो, फेरफार लिहितो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. अर्ज घरबसल्याही करता येतो. वारसांवरच वाद असेल तर १८२७ च्या रेग्युलेशन ८ प्रमाणे दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला आहे. बँकेतले पैसे, रोखे यांसाठी वारसा प्रमाणपत्र आहे. वेळ लागतो, खर्च होतो. पण तो बहिणीच्या २० गुंठ्यांएवढा होत नाही.

सरकारलाही ही मढी सातबाऱ्यावरून उतरवण्याची घाई झाली, म्हणून २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली. मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायची. किती मुसलमान घरांनी त्या मोहिमेत बहिणींची नावे दिली, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते आठवावे. आजोबांचे नाव अजून खात्यावर आहे, दोन पिढ्या गेल्या, अशी घरे आपल्यात आहेत. मग एक दिवस संपादनाची नोटीस येते, मोबदला रेकॉर्डवर असलेल्यांच्या हाती पडतो, आणि फुफीच्या नातवाला कळते की आपली आजी इथली वारस होती. नोंद नाही म्हणून हक्क गेला असे कायदा म्हणत नाही. फेरफार हा मालकीचा दाखला नव्हे, असे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पण जमीन विकून, पैसा खर्चून झाल्यावर तो हक्क हातात घेऊन फुफीच्या नातवाने जायचे कुठे?

कारखान्यात राबलेल्या बापाच्या पैशांचेही तेच. बँकेच्या खात्याला, शेअरना थोरल्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावलेले असते आणि तो समजतो की रक्कम माझी. घराघरात भिंतीवर असते त्या ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांचे २०१३ मध्ये निधन झाले, आणि त्यांच्या घराण्यातल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्वच्छ सांगितले की शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी हा मालक होत नाही, वारसांचा हक्क राहतो. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातावर पैसे ठेवायचे तो माणूस. ते पुढे वाटायचे असतात.

शेजारच्या हिंदू घरांतही हक्कसोडपत्रे होतात, हे आम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये त्यांच्या मुलींना बरोबरीचा हक्क दिला, तरी पुष्कळ मराठा, माळी, धनगर बहिणी सही करूनच येतात. पण ‘तेही करतात’ हे उत्तर आपल्याला शोभत नाही. त्यांना हा हक्क विधिमंडळाने दिला. आपण म्हणतो की आपला अल्लाहने दिला, चौदाशे वर्षांपूर्वी दिला, जगात कुणी बाईला वारस मानत नव्हते तेव्हा दिला. ईदमिलनच्या प्रत्येक भाषणात हे वाक्य असते. मुलाला दोन आणि मुलीला एक हे न्याय्य आहे का, यावर समाजात वाद आहे आणि तो व्हायला हवा. पण इथे तो वाद करायची वेळच येत नाही. दोनास एकचा वाद घालणाऱ्यांना आम्ही सांगतो, आधी तो एक तरी दाखवा.

२०२५ चा वक्फ दुरुस्ती कायदा आला, आपण विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले. त्यातल्या अनेक तरतुदींवर आमचाही राग आहे. पण त्यात एक ओळ अशी आहे की औलादसाठी केलेल्या वक्फमुळे वारसांचा, स्त्रियांसह, वारसाहक्क बुडता कामा नये. ही ओळ वाचताना आम्हाला राग आला नाही, लाज वाटली. हे सरकारने लिहिण्याआधी आपल्या मुतवल्लींनी, आपल्या बोर्डांनी लिहायला नको होते?

करायचे ते फार नाही. चाळिसाव्याला देगी चढतात, सगळे नातेवाईक एका छताखाली येतात, फातिहा होते. तीन महिन्यांची मुदत अजून संपलेली नसते. त्याच बैठकीत मौलानांनी वारसांची नावे आणि हिस्से मोठ्याने वाचून दाखवावेत, बायकांच्या खोलीत ऐकू जातील इतक्या मोठ्याने. निकाह पढवताना वधूची कबुली दोन गवाहांसमोर घेतात. तिच्या २० गुंठ्यांवर पाणी सोडायची कबुली मात्र तिला न वाचता येणाऱ्या कागदावर घेतात, त्याबद्दलही मौलानांनी जुम्याला बोलावे. आणि आम्ही मास्तर लोकांनी मराठीच्या तासाला ‘सुलभभारती’तल्या कवितेबरोबर एक सातबारा फळ्यावर लिहावा. आम्ही लिहितो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना मिळतो. पहिल्या दिवशी मुलींना ‘भोगवटादार’ हा शब्द म्हणता येत नाही, हसतात. आठवड्याने त्या विचारतात की यात अम्मीचे नाव कुठे असते.

हे वाचून काही बंधू म्हणतील की घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली. फेरफाराची नोटीस तशीही चावडीवरच लागते. ती पंधरा दिवस तिथे असते आणि मराठीत असते.